खलनायक असा का झाला? प्रीक्वेल चित्रपट नेमकं काय करतात

‘स्टार वॉर्स’चा खलनायक डार्थ व्हेडर १९७७ साली पहिल्यांदा पडद्यावर आला तो धुरातून चालत. काळा मुखवटा, काळा झगा, यंत्रातून निघावा तसा श्वास. हा कोण, कुठला, याची आई कोण, असलं काही विचारावंसं कोणालाच वाटलं नाही. बावीस वर्षांनी, १९९९ मध्ये, त्याच ‘स्टार वॉर्स’ मालिकेचा नवा चित्रपट आला आणि त्यात हाच माणूस नऊ वर्षांचा होता. सोनेरी केसांचा, यंत्रं खोलून दुरुस्त करणारा, आईला सोडून जाताना पाय अडखळणारा ॲनाकिन. हा पोरगा पुढे काय होणार हे थिएटरातल्या जवळजवळ प्रत्येकाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त त्याला.

प्रीक्वेलची ताकद इथेच आहे आणि अडचणही इथेच. ‘पुढे काय?’ हा प्रश्न तिथे संपलेला असतो. उरतो तो दुसरा: ‘नेमकं कुठल्या वळणावर?’

आधी व्याख्या उरकून घेऊ. प्रीक्वेल म्हणजे आधी आलेल्या चित्रपटाच्या मागची गोष्ट सांगणारा, पण नंतर बनलेला चित्रपट. रीमेक तीच गोष्ट पुन्हा सांगतो. रीबूट जुनं सगळं रद्द करून नव्याने डाव मांडतो. प्रीक्वेलला काहीच रद्द करता येत नाही. जुना चित्रपट जिथे सुरू होतो तिथे त्याला येऊन पोचावंच लागतं. जाहिरातीत या सगळ्यांची सरमिसळ चालते. २०१४ चा ‘मॅलेफिसंट’ खलनायिकेची जन्मकथा म्हणून ओळखला जातो, पण १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’च्या मागे जाऊन तो थांबत नाही. तीच परीकथा तो उलट्या बाजूने सांगतो आणि तिचा शेवटही बदलतो. त्यामुळे माझ्या हिशेबात तो प्रीक्वेल नाही.

आणि हो, पुढे बऱ्याच चित्रपटांचे शेवट फोडलेले आहेत. आधीच सांगून ठेवलेलं बरं.

मागे का जायचं?

पहिलं कारण रोखठोक आहे: खलनायक मेलेला असतो. त्याचा शेवट बहुतेक वेळा चित्रपटाबरोबरच होतो, आणि लोकांच्या लक्षात नायकापेक्षा तोच जास्त राहतो. त्याच्या नावावर पुन्हा तिकिटं विकायची तर पुढचा रस्ता बंद. मग मागे. शिवाय मूळ नट एव्हाना वयस्कर झालेला असतो किंवा हयात नसतो, आणि तरुणपणच्या गोष्टीत नवा चेहरा घेतला तर कोणी हरकत घेत नाही.

ही युक्ती हॉलिवूडने शोधलेली नाही. रावणाचा जन्म, त्याचं तप, त्याला मिळालेले वर ही सगळी हकिगत वाल्मीकी रामायणात सविस्तर येते ती उत्तरकांडात, म्हणजे युद्ध संपून राम अयोध्येला परतल्यावर. अगस्त्य ऋषी ती रामाला ऐकवतात. ज्याला मारला तो होता तरी कोण, हे मारणाऱ्यालाही जाणून घ्यायचं असतं. उत्तरकांड ही नंतरची भर आहे असं बरेच अभ्यासक मानतात. तसं असेल तर गोष्ट आणखीच ओळखीची वाटते: मूळ कथा गाजली, की खलनायकाच्या पूर्वायुष्याची मागणी येतेच.

कधी मागणी नसतानाही पुरवठा होतो. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) मधला नरभक्षक खुनी हॅनिबल लेक्टर पडद्यावर अर्ध्या तासाहूनही कमी वेळ दिसतो, आणि तेवढ्यावर अँथनी हॉपकिन्स यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर मिळालं. पात्राचे हक्क निर्माते डिनो डी लॉरेंटिस यांच्याकडे होते. त्यांना पूर्वकथा हवी होती. लेखक थॉमस हॅरिस यांनी लिहिली नाही तर ती दुसऱ्या कोणाकडून तरी लिहून घेऊ, असं आपण त्यांना सुनावल्याचं डी लॉरेंटिस यांनी स्वतःच मुलाखतीत सांगितलं होतं. हॅरिस यांनी लिहिली. कादंबरी २००६ मध्ये आली, ‘हॅनिबल रायझिंग’ हा चित्रपट २००७ मध्ये. तो का फसला हे पाहण्याआधी आपल्याच डोक्यात काय चालतं ते पाहू, कारण प्रीक्वेलचा सगळा खेळ तिथे आहे.

परिस्थिती दिसली की राग उतरतो

१९६७ साली एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना फिडेल कॅस्ट्रोच्या बाजूने आणि विरुद्ध लिहिलेले निबंध वाचायला दिले. काहींना स्पष्ट सांगितलं होतं की लिहिणाऱ्याने बाजू स्वतः निवडलेली नाही, ती त्याला नेमून दिली होती. तरीही वाचणाऱ्यांना वाटत राहिलं, की कॅस्ट्रोच्या बाजूने लिहिणारा मनातूनही थोडाफार त्याच्याच बाजूचा असणार. दुसऱ्याच्या वागण्याचं कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीकडे काणाडोळा करतो. या खोडीला ली रॉस यांनी पुढे नाव दिलं, ‘मूलभूत आरोपण दोष’. वर्ष १९७७, म्हणजे व्हेडर पडद्यावर आला तेच. योगायोग आहे, पण मजेशीर आहे.

स्वतःच्या बाबतीत मात्र परिस्थिती आपल्याला लगेच आठवते. मी चिडलो कारण झोप झाली नव्हती. तो चिडला कारण तो आहेच तसा.

मूळ चित्रपटातला खलनायक आपण याच खोडीतून पाहिलेला असतो. तो ‘आहेच तसा’. प्रीक्वेल कॅमेरा उचलून त्याच्या बाजूला नेतो. आता त्याचं घर दिसतं, त्याचा अपमान दिसतो, त्याला कोणी फसवलं ते दिसतं. दोन तास आपण त्याला तीच सवलत देतो जी एरवी फक्त स्वतःला देतो. म्हणून खलनायकाचा प्रीक्वेल पाहून बाहेर पडताना तो बिचारा वाटू लागतो. लेखकाने मुद्दाम रडवलं नाही तरी हे होतं; नुसता सहवास पुरतो.

आता खरी तांत्रिक अडचण. परिस्थिती किती द्यायची? कमी दिली तर प्रीक्वेल कशाला काढला हा प्रश्न. जास्त दिली तर खलनायक नाहीसा होतो आणि उरतो परिस्थितीने ढकललेला एक माणूस, ज्याने स्वतः काही केलंच नाही.

‘हॅनिबल रायझिंग’ दुसऱ्या खड्ड्यात पडला. दुसऱ्या महायुद्धाचा शेवट, लिथुआनिया, हिवाळा, उपासमार. लुटारूंची टोळी लहानग्या हॅनिबलच्या बहिणीला, मिशाला, मारून खाते. मोठा झाल्यावर तो एकेकाला शोधून ठार मारतो. बेरीज अगदी सरळ आहे: त्याच्या बहिणीला खाल्लं, म्हणून तो माणसं खातो. पण १९९१ मधला लेक्टर भीतीदायक होता तो याच कारणाने, की त्याची बेरीज कुठे लागत नव्हती. १९८८ च्या मूळ कादंबरीत तर आपल्यावर काहीतरी ओढवलं म्हणून आपण असे झालो, ही कल्पनाच तो थट्टेवारी नेतो. प्रीक्वेलने नेमकं तेच केलं ज्याची पात्राने स्वतः टर उडवली होती. वर तो ज्यांना मारतो ते सगळे मरण्याच्याच लायकीचे. सूड घेणारा हा भाऊ पुढे निरपराध माणसांना खाणारा कसा होतो, हा एकच प्रश्न महत्त्वाचा होता आणि त्याला चित्रपट हात लावत नाही.

‘क्रुएला’ (२०२१) मला याहून हलका वाटतो, आणि जास्त प्रामाणिकही. सत्तरच्या दशकातलं लंडन, पंक फॅशन, एमा स्टोन मजेत आहे, वेशभूषेचं ऑस्करही मिळालं. पण ही बाई १९६१ च्या ॲनिमेशनपटात पिल्लांची कातडी सोलून कोट शिवायला निघाली होती, याची चित्रपटाला इतकी अडचण होते की तो तिला तिथवर नेतच नाही. कड्यावरून पडून तिच्या आईचा मृत्यू डाल्मेशियन कुत्र्यांमुळे होतो, एवढा धागा ठेवला आहे. तो पाहून थिएटरात हसू आलं तर प्रेक्षकाला दोष देऊ नये.

जुळवाजुळव

व्हेडरची गंमत अशी, की १९७७ च्या चित्रपटात तो नायकाचा बाप नव्हताच. त्यात म्हातारा गुरू ओबी-वॅन नायकाला, तरुण ल्यूकला, सांगतो, की तुझ्या वडिलांना व्हेडरने मारलं. पुढच्या भागाचा पहिला खर्डा ली ब्रॅकेट यांनी १९७८ मध्ये लिहिला, त्यातही ल्यूकचे वडील वेगळे आहेत आणि ते मृतात्मा म्हणून येतात. बाप आणि खलनायक एकच, हे त्यानंतर ठरलं आणि १९८० मध्ये पडद्यावर आलं. मग १९८३ च्या भागात ओबी-वॅनला सारवासारव करावी लागली: व्हेडर झाला तेव्हा चांगला ॲनाकिन मेलाच, तेव्हा एका अर्थी मी खरंच बोललो होतो! आधी सांगून झालेल्या गोष्टीचा अर्थ असा मागाहून फिरवण्याला रेटकॉन म्हणतात.

१९९९ ते २००५ मधल्या तीन प्रीक्वेलना हे सगळं सांभाळत चालायचं होतं. सी-थ्रीपीओ या यंत्रमानवाला १९७७ मध्ये जुनं काही आठवत नाही, म्हणून २००५ च्या चित्रपटात त्याची स्मृती पुसायचा हुकूम एका वाक्यात उरकला आहे. ल्यूकची बहीण लेया हिचं मात्र राहून गेलं. १९८३ मध्ये ती म्हणते, की खरी आई मला अंधुक आठवते. २००५ मध्ये ती आई बाळंतपणातच जाते. चाहत्यांनी यावर रकानेच्या रकाने भरले. खरं सांगायचं तर अशा फटींनी फारसं बिघडत नाही. तारखा जुळल्या नाहीत तरी चालतं, माणूस जुळला पाहिजे.

ॲनाकिन जुळतो का? सांगाडा तर भक्कम आहे. बायको मरणार असं त्याला स्वप्नात दिसतं. तिला वाचवायची विद्या माझ्याकडे आहे असं त्याला फितवणारा सत्ताधीश पॅल्पटीन सांगतो. ती मिळवण्यासाठी तो जे बनतो, त्यानेच ती मरते. आकाशवाणी टाळायला निघालेल्या कंसाची गोष्ट आठवावी असा हा फास आहे, आणि त्यात प्रेम, भीती, अहंकार सगळं मावतं. ढिसाळ आहे ती चाल. हे मी काय केलं, म्हणून हादरलेला ॲनाकिन आणि लहान मुलांवर शस्त्र उगारणारा ॲनाकिन यांच्यात पडद्यावर काही मिनिटांचं अंतर आहे. तीन चित्रपट हाताशी होते. घाई व्हायची तर निदान इथे नको होती.

भूतकाळच नसलेला माणूस

जोकरचं प्रकरण सगळ्यात अवघड, म्हणून त्याला जास्त जागा देतो. बॅटमॅनचा शत्रू असलेलं हे पात्र १९४० पासून कॉमिक्समध्ये आहे आणि त्याचा भूतकाळ कधीच पक्का नव्हता. १९८८ च्या एका गाजलेल्या कॉमिकमध्ये तोच म्हणतो, की आपला भूतकाळ आपल्याला दर वेळी वेगळा आठवतो. २००८ च्या ‘द डार्क नाइट’मध्ये हीथ लेजरचा जोकर तोंडावरच्या व्रणांची एक कहाणी एकाला सांगतो आणि दुसरीच दुसऱ्याला. म्हणजे उगम नसणं हाच या पात्राचा गाभा. त्याची उगमकथा कशी सांगायची?

टॉड फिलिप्स यांच्या २०१९ च्या ‘जोकर’ने काढलेली वाट हुशार आहे: कथा सांगायची, पण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू द्यायचा नाही. आर्थर फ्लेक हा विदूषकाची कामं करणारा माणूस, त्याला अवेळी हसू फुटण्याचा विकार आहे. शेजारच्या बाईशी त्याचं जुळलेलं आपण पाहतो, आणि नंतर कळतं की ते सगळं त्याच्या डोक्यातच होतं. आई म्हणते की बडा उद्योगपती थॉमस वेन हाच तुझा बाप. इस्पितळाचे कागद म्हणतात की तू दत्तक आहेस. मग आईच्या जुन्या फोटोमागे टी. डब्ल्यू. ही आद्याक्षरं सापडतात. शेवटी मनोरुग्णालयातल्या पांढऱ्या खोलीत तो एका विनोदावर हसत बसतो, आणि आपण पाहिलं त्यातलं किती घडलं होतं याची खात्री उरत नाही. एका हाताने दिलेलं स्पष्टीकरण चित्रपट दुसऱ्या हाताने काढून घेतो.

यावर टीकाही झाली. मार खाणं, नोकरी जाणं, सरकारी खर्चकपातीत समुपदेशन आणि औषधं बंद होणं, आईचं खोटं उघडं पडणं: आर्थरवर एकामागून एक इतकं काही कोसळतं की त्याने बंदूक उचलली नसती तरच नवल. मला ही टीका अर्धी पटते. कारण भुयारी रेल्वेतल्या प्रसंगात एक बारीक गोष्ट आहे. तिघे त्याला बडवतात, तो दोघांना गोळ्या घालतो. तिथवर त्याला जीव वाचवणं म्हणता येईल. तिसरा लंगडत पळतो. आर्थर त्याचा पाठलाग करतो आणि स्टेशनच्या जिन्यावर त्याला मारतो. तो पाठलाग परिस्थितीने केलेला नाही. पुढे घरी आलेल्या दोन जुन्या सहकाऱ्यांपैकी एकाला तो ठार करतो आणि दुसऱ्याला, एकटा तूच माझ्याशी नीट वागलास म्हणून, सोडून देतो. म्हणजे त्याला निवडता येत होतं.

व्हेनिसचा गोल्डन लायन, ऑस्करची अकरा नामांकनं आणि दोन पुरस्कार, शंभर कोटी डॉलरवर कमाई असं या चित्रपटाच्या वाट्याला आलं. वाकीन फीनिक्सच्या ऑस्करमुळे एकाच पात्रासाठी दोन नटांना ऑस्कर, हेही घडलं. लेजरला ते मरणोत्तर मिळालं होतं. २०२४ चा पुढचा भाग मात्र आपटला. त्याची कमाई पहिल्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास राहिली. त्यात आर्थर ‘जोकर’ असणंच नाकारतो आणि शेवटी दुसरा कैदी त्याला भोसकतो. मागे अंधुक दिसतं, की तो कैदी स्वतःचं तोंड चिरतोय. थोडक्यात, खरा जोकर कदाचित हा नव्हताच. ज्यांनी आर्थरला डोक्यावर घेतलं होतं त्यांना हे आवडणं शक्य नव्हतं.

शेजारी उभा असलेला दुसरा माणूस

माझ्या मते हे कोडं सगळ्यात नीट सोडवलं ते २०२३ च्या ‘द हंगर गेम्स: द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ने. २०१२ ते २०१५ च्या चार चित्रपटांत डोनाल्ड सदरलँड यांनी साकारलेला अध्यक्ष स्नो, पांढरं गुलाब लावून शांतपणे माणसं मारणारा. प्रीक्वेल त्याच्या ६४ वर्षं मागे जातो. अठरा वर्षांचा कोरिओलेनस, एकेकाळचं बडं घराणं, आता घरात खायला नाही आणि ते लपवायची धडपड. लहानपणी युद्धातली उपासमार. जखम आहेच. हॅनिबलसारखीच भुकेची आहे.

फरक असा, की तीच जखम झालेली दुसरी व्यक्ती त्याच घरात राहते. त्याची चुलत बहीण टायग्रिस त्याच भुकेतून गेली आहे, त्याच आजीजवळ वाढली आहे, आणि ती क्रूर होत नाही. मूळ मालिकेत म्हातारी टायग्रिस स्नोविरुद्ध लढणाऱ्यांना आपल्या दुकानात लपवते. ही एक व्यक्ती शेजारी उभी केली, की ‘परिस्थितीच तशी होती’ हे वाक्य तोकडं पडतं. परिस्थिती दोघांची सारखी होती.

मित्राचंही तेच. सेजेनस स्नोवर विश्वास टाकून बंडखोरांशी असलेले संबंध सांगतो. स्नो ते शब्द, ऐकलेलं जसंच्या तसं पुन्हा ऐकवणाऱ्या एका पक्ष्याकरवी मुद्रित करून राजधानीला पाठवतो आणि सेजेनस फासावर जातो. पुढे जंगलात ल्यूसी ग्रेसमोर, म्हणजे ज्या गायिकेवर त्याचं प्रेम असतं तिच्यासमोर, स्नो बोलून जातो, की आपण तीन माणसं मारली. तिला दोनच ठाऊक असतात. तिसरा कोण, ती विचारते. तो म्हणतो, माझं जुनं रूप. खरं सांगायची एक संधी तिने आयती दिलेली असते आणि तो चलाख वाक्य टाकून निसटतो. ती निघून जाते, आणि तो गोळ्या झाडत सुटतो. प्रत्येक फाट्यावर दुसरा रस्ता दिसत राहतो, हे या पटकथेचं खरं यश. कमतरता एवढीच, की कादंबरी स्नोच्या डोक्यात बसून लिहिलेली असल्याने त्याचे आतले हिशेब सतत ऐकू येतात. पडद्यावर त्यांच्या जागी देखणा टॉम ब्लाइथ दिसतो.

ही शेजारच्या माणसाची युक्तीही उत्तरकांडात आहेच. रावण, कुंभकर्ण आणि बिभीषण, तिघे एकाच आईबापांचे, तिघे एकत्र तपाला बसले. रावणाने देव-दानवांकडून मरण न यावं असा वर मागितला, बिभीषणाने संकटातही बुद्धी धर्मावर राहावी एवढंच मागितलं. रावणाचं मूल्यमापन करायला वेगळं भाष्य लागतच नाही.

काही खलनायकांना मात्र हात न लावलेलाच बरा. १९७८ च्या ‘हॅलोवीन’मध्ये सहा वर्षांचा मायकल मायर्स बहिणीला भोसकतो आणि का ते कोणी सांगत नाही, २००७ च्या नव्या आवृत्तीने त्याला मोडकं घर आणि छळाचं बालपण दिलं आणि भीती निम्मी केली. ‘शोले’त गब्बरने ठाकूरचे हात का तोडले ते कळतं, तो डाकू का झाला ते नाही. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’तला खलनायक इयागो तर पकडला गेल्यावर यापुढे एक शब्द बोलणार नाही असं सांगून गप्प बसतो, आणि चारशे वर्षं समीक्षक त्याची कारणं शोधतायत.

राहिला नेहमीचा प्रश्न: आधी काय पाहायचं? जवळपास प्रत्येक वेळी मूळ चित्रपट. ‘स्टार वॉर्स’ कथेच्या क्रमाने पाहायला घेतलात तर १९८० चा सगळ्यात मोठा धक्का तुम्हाला २००५ च्या चित्रपटातच कळून गेलेला असतो. २०१९ च्या ‘जोकर’ला कुठलाच क्रम लागत नाही, बॅटमॅनचा एकही चित्रपट पाहिला नसला तरी तो कळतो. ‘हंगर गेम्स’ दोन्हीकडून चालतो. प्रीक्वेल आधी पाहिला असेल तर २०१४ च्या भागात मूळ मालिकेची नायिका कॅटनिस जे फासाच्या झाडाचं गाणं गाते ते ल्यूसी ग्रेने रचलेलं होतं हे तुम्हाला माहीत असतं, आणि म्हातारा स्नो ते कुठे ऐकून बसला आहे हेही.